छपराखालची पाखरं आणि मे महिन्याची घाई

हिंगोली जिल्ह्यात घराच्या छपराला बहुधा वर्षातून एकदाच हात लागतो. मृग जवळ आला की माळवदावर पांढरी माती पडते, पत्र्याचे ढिले बोल्ट आवळले जातात, भिंत आणि पत्रा यांच्यामधल्या फटी सिमेंटनं भरल्या जातात. मेचा उत्तरार्ध आणि जूनचा पहिला आठवडा एवढ्यात हे सगळं उरकायचं असतं, कारण पाऊस थांबत नाही आणि पेरणीही. नेमक्या त्याच दिवसांत साळुंकीची पिलं फटीत असतात, चिमणीची पुढची वीण चालू असते, पाकोळ्यांच्या वस्तीत अंडी असतात. गवंडी फट लिंपून शिडी उतरतो आणि पिलं आत राहतात. दोन-तीन दिवसांत वास सुटतो, मुंग्यांची रांग लागते, आई पाखरू दिवसभर त्या भिंतीवर आपटत राहतं. पाखरांच्या त्रासाबद्दल पुढे जे सांगितलं जातं, त्यातला बराच भाग या घाईनं ओढवलेला असतो.

घरात पाखरानं घरटं केलं तर काय करावं, यावर आपल्याकडे दोन टोकांची उत्तरं मिळतात. घरातली म्हातारी माणसं म्हणतात, पाखराचं घरटं मोडू नये, पाप लागतं. नव्या घराची फरशी पुसणारी सून म्हणते, हे रोजचं घाण काढणं माझ्या वाट्याला का? दोघांचंही म्हणणं खरं आहे, पण त्यावरून निर्णय होत नाही. निर्णयासाठी तीन गोष्टी पाहाव्या लागतात: पाखरू कोणतं आहे, घरट्यात या घडीला अंडी-पिलं आहेत का, आणि घरट्याच्या बरोबर खाली काय आहे. चुलीवर, धान्याच्या कणगीवर किंवा बाळाच्या पाळण्यावर विष्ठा पडत असेल तर प्रश्न वेगळा. गोठ्याच्या कोपऱ्यात पडत असेल तर तो प्रश्नच नाही. या तिन्हींच्या वर येतो महिना. तो चुकला की चांगल्या हेतूनं केलेलं कामही क्रूर होतं.

आधी छपराचं पाहू, कारण कोणतं पाखरू येणार हे छप्परच ठरवतं. जुन्या वाड्यांच्या आणि गढ्यांच्या भिंती दगड-मातीच्या, दोन-दोन हात रुंद. त्यांवर सागवानी तुळया, तुळयांवर आडवे सर, त्यांवर फळ्या किंवा काटक्या, मग पाला आणि वर मातीचा जाड थर: हेच माळवद. तुळईचं टोक भिंतीत शिरतं तिथली माती सुटत जाते आणि आत हातभर पोकळी तयार होते. बांधकामाच्या वेळी परांचीच्या बांबूंसाठी सोडलेली भोकं तशीच राहिलेली असतात. पोपट, पिंगळा, साळुंकी, चिमणी, चिरक, सगळ्यांची सोय अशा एका भिंतीत होते.

ही घरं गेली त्यामागे मोठं कारण 30 सप्टेंबर 1993 चं. किल्लारीच्या भूकंपात दगड-मातीच्या भिंती आणि त्यांवरची जड माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली आणि मराठवाड्याच्या मनात माळवदाची धास्ती बसली ती कायमची. हिंगोलीत तर भूकंपाचे धक्के ही धास्ती जुनी होऊच देत नाहीत. 21 मार्च 2024 ला आणि पुन्हा 10 जुलै 2024 ला साडेचार तीव्रतेचे धक्के या जिल्ह्यानं अनुभवले. वसमत, औंढा, कळमनुरी भागातल्या गावांना जमिनीतून येणारे आवाज ओळखीचे झाले आहेत. मार्चच्या धक्क्यांनंतर पत्र्यावर ठेवलेले दगड काढून घ्या, असं आवाहन प्रशासनाला करावं लागलं. या दगडांशी पाखरांचा थेट संबंध आहे. दुसरं घर हे पत्र्याचं; पत्रा नीट आवळलेला नसतो म्हणून वर दगड ठेवतात. आणि नीट न बसलेल्या नालीदार पत्र्याच्या प्रत्येक उंचवट्याखाली, भिंतीच्या माथ्यावर, चिमणी जाईल एवढी फट राहते. पत्रा हुकाच्या बोल्टानं पक्का केला आणि माथ्याची फट योग्य वेळी बुजवली, तर दगडही नको आणि घरात कचराही नको. योग्य वेळी, हे दोन शब्द मात्र सोडता येत नाहीत.

तिसरं घर स्लॅबचं. त्याला फट नसते, तरी पाखरू जागा शोधतंच: पंख्याची वाटी, विजेच्या मीटरची पेटी, ट्यूबलाइटची पट्टी, कूलरच्या मागची बाजू, जिन्याखालचा माळा.

चिमणीची काळजी सर्वांत जास्त केली जाते, आणि ती सर्वांत जास्त गैरसमजातूनही केली जाते. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकारानं 2010 पासून 20 मार्च हा जागतिक चिमणी दिन पाळला जातो आणि त्यानं लोकांचं लक्ष एका साध्या पाखराकडे वळलं, हे मोठं काम झालं. ‘चिमण्या संपल्या’ ही हाकाटी मात्र सगळीकडे सारखी लागू नाही. देशभरच्या पक्षीनिरीक्षकांच्या नोंदींवर उभ्या असलेल्या 2020 च्या ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ अहवालात देशपातळीवर चिमणीची संख्या साधारण स्थिर दिसली. घट दिसली ती महानगरांत. हिंगोलीसारख्या जिल्ह्यात चिमणीपुढचे प्रश्न दोन आहेत आणि दोन्ही घराशी व शेताशी बांधलेले आहेत. फटी असलेली घरं जाऊन स्लॅबची येत आहेत. आणि शिवारात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली आहे. ज्वारीचं कणीस चिमणीचं खाणं. सोयाबीनचा दाणा तिच्या कामाचा नाही. शिवाय चिमणी स्वतः दाणे खात असली तरी पिलांना आठवडाभर तरी अळ्या-किडेच लागतात. फवारणीनंतर शेतातून अळी नाहीशी होते, तेव्हा घरट्यातल्या पिलाचा घासही जातो.

चिमणीचं घरटं सोसायला सोपं आहे. अंडी उबायला अकरा ते चौदा दिवस, पिलं उडायला आणखी दोनेक आठवडे. म्हणजे महिनाभर काढला की बिऱ्हाड रिकामं. त्या महिन्यात घरट्याखाली जुनी चादर किंवा पुठ्ठा टाकला की केरसुणीचं काम निम्मं होतं. अवघड आहे ती पंख्याची वाटी. ऐन उन्हाळ्यात पंखा बंद ठेवता येत नाही आणि चालू ठेवला तर नर किंवा मादी पात्यात सापडते. इथं पहिली काडी दिसली त्याच दिवशी ती काढावी, वाटी छतापर्यंत सरकवून घट्ट बसवावी आणि जवळच बाहेरच्या भिंतीला खोपा टांगावा. अंडी पडण्याआधी दोन-चार दिवस काड्या काढल्या तर चिमणी जागा बदलते. अंडी पडल्यावर काढल्या तर तो जीव घेणंच झालं.

पारव्याबद्दल मात्र मला ठामपणे वेगळं सांगायचं आहे. पारवा वर्षभर वीण करतो. एका वेळी दोन अंडी, सतरा ते एकोणीस दिवस उबवणं, मग महिनाभर पिलं, आणि ती उडेपर्यंत पुढच्या अंड्यांची तयारी. घरटं म्हणजे चार काड्या आणि विष्ठेचा वाढत जाणारा थर. ही विष्ठा वाळून तिची धूळ झाली की ती श्वासातून आत जाते. काही माणसांच्या फुप्फुसांना त्यानं कायमची सूज येते, दम लागतो आणि हळूहळू फुप्फुसं घट्ट होत जातात. विष्ठेत वाढणाऱ्या बुरशीनं मेंदूज्वरही होऊ शकतो, विशेषतः ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांना. 2025 च्या जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईत कबुतरखाने बंद करण्यावरून, विशेषतः दादरच्या कबुतरखान्यावरून, जे वादळ उठलं, त्याच्या मुळाशी आरोग्याचाच मुद्दा होता. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं आणि महापालिकेला ताडपत्री टाकून जागा झाकावी लागली. श्रद्धेनं दाणे टाकणाऱ्यांचं मन दुखावलं हे मी समजू शकतो. तरीही फुकटचं धान्य आणि सपाट कठडे यांनी पारव्यांची संख्या निसर्गात राहिली असती त्याच्या कितीतरी पट वाढते, हे नाकारता येत नाही.

हिंगोलीत कबुतरखान्यांचा प्रश्न नाही. इथं मोंढा आहे, गोदामं आहेत आणि हळद आहे. फेब्रुवारीपासून हळद शिजवून उघड्यावर वाळत घातली जाते, मग पत्र्याच्या शेडमध्ये ढीग लागतात. वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मसाल्याच्या पदार्थांत पाखरांच्या विष्ठेतून येणारे साल्मोनेलासारखे जंतू सापडले तर परदेशी खरेदीदार माल परत पाठवतो. ज्या शेडच्या कैच्यांवर पारव्यांच्या रांगा बसतात, त्या शेडखाली मानांकनाची हळद ठेवणं मला पटत नाही. तिथं शेडच्या वरच्या उघड्या भागाला दोन इंची जाळी ताणून लावणं हा खर्च मालाच्या किमतीतलाच धरायला हवा. चिमणीही रोखायची असेल तर पाऊण इंची जाळी लागते. जाळी ढिली, लोंबती कधीच नसावी. तिच्यात पाय अडकून पाखरू उलटं लटकून मरतं आणि त्याच्यामागे साप येतो.

सापाचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकतो. कवड्या साप भिंतीवर सहज चढतो, धामण छपरापर्यंत जाते, आणि दोघांनाही पालींबरोबर, उंदरांबरोबर पिलांचा वास लागतो. गावाकडे घरट्याची खरी भीती यासाठीच वाटते आणि ती खोटी नाही. त्यावर इलाज म्हणजे छपराला टेकलेल्या फांद्या छाटणं आणि भिंतीला लावलेले तुराट्या-पऱ्हाट्यांचे ढीग दूर नेणं.

आता घुबड. गव्हाणी घुबड पांढऱ्या, बदामी चेहऱ्याचं, वाड्याच्या माळ्यावर, देवळाच्या शिखरात, ओस घराच्या आढ्याला दिवसभर बसून राहतं. रात्री ते किंचाळतं, पिलं श्वास ओढल्यासारखा खरखर आवाज काढतात, आणि घरातल्यांना वाटतं अवदसा आली. पिंगळ्याच्या ओरडण्याचंही तेच. या समजुतीनं घुबडांचं जितकं नुकसान केलं तितकंच दिवाळीच्या जादूटोण्यानंही केलं. 2010 मध्ये ट्रॅफिक इंडिया या संस्थेनं देशातल्या घुबडांच्या चोरट्या व्यापारावर अहवालच काढला. त्याच्या उलट दिशेनं पुणे जिल्ह्यातल्या पिंगोरी गावात इला फाउंडेशननं 2018 पासून घुबड महोत्सव सुरू केला, जिथं शाळकरी मुलं घुबडाचे मुखवटे घालून नाचतात.

शेतकऱ्यानं घुबडाकडे हिशेबानं पाहावं, एवढंच माझं मागणं आहे. उंदीर हेच त्याचं मुख्य अन्न. पिलं असली की जोडी रात्रभर फेऱ्या मारते आणि घरट्याखाली हाडं-केसांच्या गोळ्यांचा खच पडतो. ते गोळे फोडून पाहिले तर उंदरांच्या कवट्या मोजता येतात. इस्रायलमध्ये शेतांत घुबडांसाठी पेट्या लावून विषारी गोळ्यांचा वापर कमी केला गेला. मलेशियात तेलताडाच्या बागांत तोच प्रयोग झाला. आपल्या लक्षद्वीपमध्ये कवरत्तीला नारळ कुरतडणाऱ्या उंदरांसाठी गव्हाणी घुबडं नेऊन सोडण्यात आली. हिंगोलीच्या शेतकऱ्याला कुठून आणायची गरज नाही, ती त्याच्या वाड्यात आहेत. नेदरलँड्सच्या फ्रिसलँड प्रांतात जुन्या शेतघरांच्या त्रिकोणी माथ्यावर लाकडी फळी असते आणि तिला घुबडासाठी मुद्दाम भोक ठेवलेलं असतं. धान्य ठेवणाऱ्या माणसाला घुबड घरात हवंसं वाटलं पाहिजे, हे त्या सुतारांना कळलं होतं.

घुबडाच्या बाबतीत एकच अडचण आहे, ती वेळेची. अंडी महिनाभर उबतात, पिलं उडायला आणखी दोन महिने. अंडी दिवसाआड घातलेली असतात म्हणून पिलंही लहान-मोठी. म्हणजे तीन महिने माळा त्यांचा. ज्याला माळा पाडायचाच आहे त्यानं वीण संपेपर्यंत थांबावं आणि पाडण्याआधी गोठ्यात किंवा मोठ्या झाडावर पेटी बसवावी: साधारण दीड फूट रुंद, दोन फूट लांब, भोक पाच-सहा इंचांचं. आणि ज्यानं घुबड ठेवलं त्यानं शेतात उंदरांसाठी विषारी गोळ्या टाकू नयेत. विष खाऊन सुस्तावलेला उंदीर घुबड सर्वांत आधी उचलतं.

पाकोळ्या पुष्कळांना भिंगऱ्या वाटतात. देवळांच्या मंडपात, जुन्या शाळांच्या व्हरांड्यात, पुलांखाली त्यांची वस्ती असते. लाळेनं चिकटवलेल्या पिसांच्या आणि गवताच्या पिशव्या एकमेकींना लागून. हे पाखरू तारेवर किंवा जमिनीवर बसत नाही, त्याचे पाय फक्त खडबडीत भिंतीला लटकण्यापुरते. दिवसभर हवेत उडते किडे टिपतं. एकच घरटं वर्षानुवर्षं वापरतं आणि वीण नसतानाही रात्री त्यातच झोपतं, म्हणून एकदा वस्ती खरवडली की तिथलं सगळं कुटुंब रस्त्यावर येतं. रंगकाम करताना मंडळांनी आणि शाळांनी तेवढा कोपरा सोडावा. इंग्लंडमध्ये ब्रायटनसारख्या शहरानं 2020 पासून पाच मीटरहून उंच नव्या इमारतींत पाकोळ्यांसाठी पोकळ वीट बसवणं बंधनकारक केलं, कारण जागा गेल्यावर पाखरू परत आणता येत नाही.

साळुंकी आणि होला यांच्यावर फार लिहिण्यासारखं नाही. साळुंकी गोंगाट करते, प्लास्टिकपासून सापाच्या कातीपर्यंत काहीही घरट्यात भरते आणि चिमणीची जागा बळकावते. तिच्यासाठी थांबण्याचा काळ दीड महिन्याचा. होला मीटरच्या पेटीवर चार काड्या टाकून बसतो आणि महिन्यात निघून जातो. मीटरमध्ये काड्या अडकल्या असतील तर स्वतः हात घालू नये, वायरमनला बोलवावं. माळ्यातून संध्याकाळी भुरभुर बाहेर पडणारी बारकी वटवाघळं मात्र पाखरं नव्हेत. त्यांचं पिलू महिनाभराहून जास्त काळ आईवर अवलंबून असतं, म्हणून घाई तिथंही नको.

कायद्याबद्दल गावात फार कमी माहिती आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 मध्ये ‘शिकार’ या शब्दाची जी व्याख्या दिली आहे, तीत रानपाखरांची अंडी फोडणं आणि त्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना त्रास देणंही धरलेलं आहे. 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि सर्वसाधारण गुन्ह्यांसाठी दंडाची कमाल मर्यादा पंचवीस हजारांवरून एक लाखावर गेली. चिमणीच्या घरट्यावरून कोणी तुरुंगात जाईल असं मी म्हणत नाही. पण घुबडाची पिलं माळ्यात असताना काठीनं हुसकणं हा गुन्हा आहे, हे सरपंचापासून गवंड्यापर्यंत सगळ्यांना माहीत हवं. अडचण आलीच तर वनविभागाचा 1926 हा क्रमांक आहे.

रिकामं घरटं काढणं गरजेचं असतं. पिलं उडाली की घरट्यातल्या बारीक पिसवांना खाणं उरत नाही आणि त्या अंथरुणात उतरतात. काढताना कोरडं झाडू नये. आधी पाणी शिंपडावं, तोंडाला एन-95 मास्क आणि हातात मोजे असावेत, ओला कचरा पिशवीत बांधून पुरावा. दमेकरी आणि म्हाताऱ्या माणसांनी तिथं थांबू नये. पत्र्यावरचं पावसाचं पाणी टाकीत घेणाऱ्यांनी पहिल्या एक-दोन पावसांचं पाणी सोडून द्यावं.

मे महिन्यात पत्रा इतका तापतो की पिलं उकाड्यानं कडेला सरकतात आणि खाली पडतात. माणसाचा हात लागला की आई पिलाला टाकते ही समजूत चुकीची आहे. पिसं न आलेलं पिलू उचलून सरळ घरट्यात ठेवावं. घरटं मोडलं असेल तर नारळाच्या करवंटीत काथ्या घालून तिथंच वर बांधावी. पिसं आलेलं, उड्या मारणारं पिलू उडायला शिकत असतं. त्याला झुडपाच्या सावलीत ठेवून मांजर आवरलं की पुरे. चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं. दूध तर मुळीच देऊ नये.

मग फटी बुजवायच्या कधी? पारवा आणि गव्हाणी घुबड सोडले तर बहुतेक घरपाखरांची वीण दिवाळी ते संक्रांत या दिवसांत मंदावलेली असते. सोयाबीनची रास होऊन हातात दोन पैसे आलेले असतात, गवंडी मोकळा असतो, सिमेंटला मारणारं ऊन नसतं. पत्र्याच्या घराची सगळी डागडुजी या दिवसांत व्हावी आणि मेमध्ये फक्त माळवदाची माती व गळती एवढंच उरावं. हिवाळ्यातही फट बंद करण्याआधी संध्याकाळी बॅटरी लावून आत पाहावं. शंका असेल तर फटीत कागदाचा बोळा सैल कोंबून ठेवावा. दोन दिवसांत तो बाहेर ढकलला गेला तर आत कोणीतरी आहे.

बुजवलेल्या फटींच्या बदल्यात बाहेरच्या भिंतीला खोपे द्यावेत. भोक सव्वा इंचाचं असलं की चिमणी आत जाते, साळुंकी जात नाही. पूर्वेकडची किंवा उत्तरेकडची भिंत, आठ-दहा फूट उंची, वर सावली. पत्र्याला चिकटवून खोपा लावला तर उन्हाळ्यात पिलं आत भाजतात. शाळांमधून वाटल्या जाणाऱ्या पुठ्ठ्याच्या खोप्यांपैकी कित्येक याच कारणानं रिकामे राहतात.

याहून मोठी संधी घरकुलांची आहे. प्रधानमंत्री आवास योजनेतून गावोगाव एकाच ठशाची स्लॅबची घरं उभी राहत आहेत आणि त्यांत एकही फट नाही. छज्ज्याखालच्या दोन विटांमध्ये, आतून बंद आणि बाहेरून सव्वा इंचाचं भोक असलेली पोकळी ठेवायला वेगळा पैसा लागत नाही. ते फक्त गिलावा होण्याआधी गवंड्याला सांगावं लागतं. घरकुलाचा हप्ता देण्यापूर्वी जो अभियंता कामाचा फोटो काढायला येतो, त्याच्या तपासणीच्या कागदावर या पोकळीसाठी एक ओळ जिल्हा परिषदेनं घालावी.